बंद खोलीतल्या पिसवा

कौसल्येने टिपूची मान गुडघ्यांत दाबून धरली आणि बारीक दातांची फणी त्याच्या पोटाखालून उलटी ओढली. फणीत तीन पिसवा आल्या. शेजारी घासलेट घातलेल्या पाण्याचं ताट होतं, त्यात तिने फणी झटकली. दोन बुडाल्या. तिसरी ताटाच्या काठावरून उडाली ती थेट आईच्या अंथरुणाच्या दिशेने.

"मेली का गं?" मीराबाईंनी पडल्या पडल्या विचारलं.

"मेली."

खोटं बोलायचा तिला हल्ली सराव झाला होता. सकाळची शाळा गाठायची होती, कुत्र्याची पाठ अजून राहिली होती, आणि हे असं महिना-दीड महिना रोज चाललं होतं. तिने फणी पुन्हा उचलली.

सगळे उपाय करून झाले होते. गाद्या गच्चीवर उन्हात टाकल्या, गोधड्या उकळत्या पाण्यातून काढल्या. करंजेल, कडुनिंबाचा पाला, गंधकाचा धूर, ज्याने जे सांगितलं ते केलं. टिपूला कार्बोलिक साबणाने इतक्या वेळा अंघोळ घातली की नळाचा आवाज आला तरी तो कॉटखाली घुसायचा. प्रत्येक उपायानंतर दोन दिवस बरे जात आणि तिसऱ्या दिवशी पायांवर पुन्हा लाल ठिपके उठत. गिरगावातल्या त्या चाळीला ढेकूण काही नवे नव्हते. ढेकूण निदान रात्री येतात, पकडता येतात, त्यांच्याशी माणूस कसाबसा जुळवून घेतो. पिसवांपुढे मात्र कौसल्या अगदी टेकीला आली होती.

त्यात कुत्रा तिचा नव्हताच. तो शेजारच्या चिंतामणी सामंतांचा. सामंत बँकेत कारकून, चाळिशी गाठलेले, एकटे राहणारे. संयुक्त महाराष्ट्राच्या सत्याग्रहाला त्यांनी नाव दिलं आणि जानेवारीत एका पहाटे तुकडीबरोबर निघण्याआधी टिपूची साखळी कौसल्येच्या हातात दिली. आठ-पंधरा दिवसांचा प्रश्न आहे, असं म्हणाले होते. आता एप्रिल लागला होता आणि सामंत ठाण्याच्या तुरुंगात होते.

साखळीबरोबर त्यांनी खोलीची किल्लीही दिली होती. खरी अडचण ती होती.

गावाला जाणारा प्रत्येक जण किल्ली कमलाबाईंकडे ठेवायचा, अशी त्या मजल्याची रीत होती. कमलाबाईंच्या दारामागे खिळे मारलेली एक फळी होती आणि कोणाची किल्ली कोणत्या खिळ्याला, ते सगळ्यांना पाठ होतं. सामंतांचा खिळा रिकामा राहिला. दुसऱ्याच दिवशी कमलाबाईंनी कौसल्येला नळावर गाठलं.

"सामंतांनी किल्ली नाही ठेवली गं माझ्याकडे. तुला दिलीय का?"

"नाही हो. बरोबर नेली असेल," कौसल्या म्हणाली.

तोंडातून गेलं ते गेलं. एकोणिसाव्या वर्षी नवरा वारला, तेव्हापासून सतरा वर्षं तिने चाळीला बोट ठेवायला जागा दिली नव्हती. म्युनिसिपालटीच्या शाळेत शिकवायचं, घरी येऊन वह्या तपासायच्या, आईचं करायचं. विधवा बाईकडे एकट्या पुरुषाच्या खोलीची किल्ली म्हटल्यावर नळावरच्या बायकांना वर्षभराचा विषय मिळाला असता. म्हणून किल्ली तुरीच्या डाळीत गेली. "अधूनमधून उघडा बरं का," असं सामंतांनी दोनदा बजावलं होतं, तरी ती खोली तीन महिन्यांत एकदाही उघडली गेली नाही.

मीराबाईंना साखरेचा विकार. चावलं की त्या खाजवत आणि खाजवलं की जखम होई. बाकीच्या जखमा सुकल्या, डाव्या घोट्याजवळची सुकेना. शनिवारी डॉक्टरांनी पट्टी सोडली, जरा वेळ बघत राहिले आणि जाताना कौसल्येला जिन्यापर्यंत बोलावून घेतलं.

"हे चावणं आधी बंद करा. आठवड्यात बंद झालं नाही, तर पाय कापायची वेळ येईल. उगीच घाबरवत नाही मी."

कौसल्या तशीच म्युनिसिपालटीच्या कचेरीत गेली आणि अर्ज देऊन आली.

सोमवारी दुपारी म्युनिसिपालटीचा लवू आला. पन्नाशीचा, मालवणकडचा, पाठीला डी.डी.टी.चा पंप. त्याने पंप उतरवून ठेवला, पण फवारायला घेतलं नाही. तो गॅलरीत उकिडवा बसला आणि टिपूकडे बघत राहिला. टिपू सामंतांच्या बंद दाराशी पसरला होता, नाक दाराखालच्या फटीला लावून.

"बाई, हो कुत्रो रोज हयसरच बसता?"

"रोज. त्याचं घर आहे ते."

लवूने खांद्यावरचा पांढरा पंचा काढला, त्याचं टोक फटीतून आत सारलं आणि दारासमोरच्या लाद्यांवर तीन-चारदा पाय आपटले. मग पंचा हळूच ओढून घेतला. त्यावर काळे ठिपके होते आणि ते उडत होते.

"बघितलात? तुमच्याकडे कितीव फवारला तरी फुकट. बंद खोलीत ह्येंची पैदास झालीहा. थयसून कुत्र्यार येतत, मधल्या फळ्यांतसून तुमच्याकडे येतत. ही खोली उघडूक व्हयी."

मधली भिंत लाकडी फळ्यांची होती. आईचं अंथरूण त्याच भिंतीला लागून होतं. कौसल्या कठड्याला टेकली. इतके दिवस ती कुत्रा विंचरत बसली होती.

आवाजाने कमलाबाई बाहेर आल्या. पाठोपाठ पलीकडच्या खोलीतला मनमोहन आला. तो संयुक्त महाराष्ट्र समितीच्या सभांच्या सतरंज्या घालण्यापासून पत्रकं वाटण्यापर्यंत सगळं करी, त्यामुळे मजल्यावर त्याच्या शब्दाला वजन आलं होतं.

"त्यात काय एवढं? कुलूप फोडा," कमलाबाई म्हणाल्या. "म्हातारीचा पाय बघा तिच्या."

"तुरुंगात गेलेल्या माणसाचं कुलूप फोडायचं?" मनमोहन म्हणाला. "पोलिसांनी फोडलं असतं तर आपणच निषेधाची सभा घेतली असती की नाही? सामंत आल्यावर त्यांना काय तोंड दाखवणार?"

"मग पाय जाऊ द्यायचा?"

"तसं कोण म्हणतंय? ठाण्याला अर्ज करू, किल्ली मागवून घेऊ. फार तर दहा दिवस."

लवूने कौसल्येकडे पाहिलं. कमलाबाईंनी मनमोहनकडे पाहिलं. दहा दिवस, असं कौसल्या मनाशी म्हणाली आणि आत गेली.

तिने फळीवरचा डबा काढला आणि कोपरापर्यंत हात डाळीत घातला. मीराबाई उशीवरून बघत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं.

"आजच सापडली म्हणावं," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. "टिपूच्या पट्ट्यात अडकलेली होती. माझ्या पायासाठी शोधलीस म्हणून सांग."

"तुला ठाऊक होतं?"

"डाळ मीच निवडते ना."

कौसल्येने आईच्या घोट्यावरच्या पट्टीकडे पाहिलं. दीड महिना हिने चावून घेतलं आणि एका शब्दाने विचारलं नाही. तिला आईचा राग आला आणि त्याहून जास्त स्वतःची लाज वाटली. किल्ली पदराला न पुसताच ती बाहेर आली.

"अगं बाई, ही कुठून आली?" कमलाबाईंनी विचारलं.

पट्ट्याचं कारण जिभेवर तयार होतं. टिपूही शेपटी हलवत समोरच उभा होता.

"माझ्याकडे होती," कौसल्या म्हणाली.

"कधीपासून?"

"ते गेले तेव्हापासून."

मनमोहन मान वळवून खाली चौकाकडे बघू लागला. कमलाबाईंनी हाताची घडी घातली. कुलूप गंजलं होतं, पण उघडलं. दाराला खांदा लावावा लागला.

तिने आत दोन पावलं टाकली आणि लुगड्यावर वाळू फेकून मारावी तसं झालं. खाली पाहिलं तर ते पांढरं लुगडं गुडघ्यापर्यंत काळं झालं होतं. उपाशी पिसवा तीन महिन्यांनी माणसाचं पाऊल वाजलेलं ऐकून एकदम उठल्या होत्या. टिपू तिच्या पायांतून आत धावला आणि खोलीभर वास घेत फिरू लागला.

"बाई, भायर व्हा," मागून लवू ओरडला.

ती गेली नाही. सामंतांची खाट भिंतीला उभी करून ठेवलेली होती. रस्त्याकडच्या खिडकीखाली टेबल होतं, त्यावर एक कागदसुद्धा नव्हता. खुर्चीवर उशी बांधलेली होती. टेबलाच्या एका कोपऱ्यात घासलेटने भरलेला स्टोव्ह, चहा-साखरेचे दोन छोटे डबे, आणि लाल शाईची दौत. दौतीचं बूच अजून फोडलेलं नव्हतं.

सामंत बँकेत निळ्या शाईने लिहीत. लाल शाईचं त्यांना काही काम नव्हतं.

दिवाळीच्या सुमारास कधीतरी गॅलरीत उभ्या असताना ती त्यांना म्हणाली होती, की आमच्या खोलीत दिवेलागणीनंतर वह्या तपासायला दिसत नाही, डोळे जातात. बोलून ती विसरूनही गेली होती. रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड यांच्या खिडकीतून थेट टेबलावर पडत असणार, हे तिला आता इथं उभं राहून दिसत होतं. माणूस तुरुंगात जायच्या गडबडीत होता आणि तिच्यासाठी टेबल रिकामं करून, खुर्चीला उशी बांधून गेला होता. आणि तिने तीन महिने फळ्यांच्या अलीकडे, कंदिलाशी नाक लावून वह्या तपासल्या होत्या. पायांना काय चावतंय, ते तिला कळेनासं झालं.

लवू पंप चढवून दारात आला. त्याच्या हातात कचेरीची वही होती.

"आज रातपर्यंत आत कोणी जावचा नाय. आणि पयली सही व्हयी, घरच्या माणसाची. कोणाची घेवू?"

"त्यांचं इथे कोणी नाही," कमलाबाई बाहेरून म्हणाल्या. "मालकाच्या मेहताजीला बोलवा."

"द्या इकडे," कौसल्या म्हणाली.

तिने वही टेबलावर ठेवली आणि वळणदार अक्षरात स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं. कमलाबाई उंबऱ्याशी येऊन बघत होत्या. कौसल्येने वही लवूला परत दिली, टिपूला पट्ट्याला धरून बाहेर घेतलं.

"टेबल भायर काढू?" लवूने विचारलं.

"नको, वरून चादर घाला," ती म्हणाली, गॅलरीत सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. "उद्यापासून मी तिथं बसणार आहे."