चष्म्याची डावी काडी

"काहीही होणार नाही," असं म्हणत ह्यांनी बाटलीचं झाकण उघडलं.

टेबलावर माझा चष्मा होता. म्हणजे काचा माझ्या नंबरच्या, फ्रेम आईची. आई गेल्यावर तिच्या वस्तूंतून मी तेवढीच मागून घेतली होती. डाव्या काडीच्या टोकावर तिच्या दातांच्या खुणा होत्या. पेपरातलं शब्दकोडं अडलं की ती चष्मा काढून काडी चावत बसायची. काडी कानामागून घसरते म्हणून मी तिला चिकटपट्टी गुंडाळली होती. पट्टी निघाली, गोंद राहिला आणि केसांना चिकटायला लागला. घरात तज्ज्ञ असताना बाहेर कशाला जायचं, म्हणून काम ह्यांच्याकडे दिलं.

आमचे हे औषधांच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत असतात. नवा पदार्थ तयार झाला की तो कशात विरघळेल ते आधीच सांगायचं, हे ह्यांचं काम. कागदावरची आकृती बघून हे सांगतात, "अल्कोहोलात जाईल, पाण्यात ढिम्म हलणार नाही." बहुतेक वेळा तसंच होतं, म्हणून तिथे सगळे ह्यांना ज्योतिषी म्हणतात. हल्ली तेच काम करणारा एक प्रोग्राम आलाय, आणि तो चालवणाऱ्या नव्या मॅडम. तेव्हापासून ह्यांचं बिनसलंय. "तो डबा मला शिकवणार?" हे वाक्य आमच्याकडे रोज जेवणाबरोबर असतं.

"बाबा, आधी आतल्या बाजूला, एका कोपऱ्यात लावून बघा ना," लेक म्हणाली. बाटली तिचीच होती, नखांचा रंग काढायची.

"लावून काय, कोणीही बघेल. न लावता सांगता आलं पाहिजे." ह्यांनी फ्रेम उजेडात धरून टिचकी मारली. "नायलॉन आहे. ॲसिटोनने गोंद जाईल, फ्रेमला धक्का लागणार नाही. आमच्यात जशास तसं असतं. ज्याचं ज्याच्याशी जमतं, तो त्याच्यातच विरघळतो."

"मग आपलं लग्न कुठल्या हिशेबात बसतं?" मी विचारलं.

हे ऐकण्याच्या पलीकडे गेले होते. कापूस भिजवला, काडी चिमटीत घट्ट धरली आणि पार टोकापर्यंत मन लावून चोळली. गोंद खरंच गेला. "बघ," म्हणून बोट काढायला गेले, तर काडी अंगठ्याबरोबरच आली. खेचून सोडवली तेव्हा तिच्यावर अंगठ्याचा ठसा उमटला होता, रेघ न् रेघ. आणि टोक गुळगुळीत झालं होतं.

लेक उठून आत गेली. तिला तिचे आईबाप कळतात.

"टोक खरबरीत झालं होतं, ते तरी..."

"ते आईचे दात होते," मी म्हटलं.

ह्यांना ते माहीतच नव्हतं. आईसमोर बसून इतकी वर्षं वाद घातले, पण काडीकडे काही लक्ष गेलं नाही. आईने मात्र लग्नाआधीच सांगितलं होतं, "मुलगा हुशार आहे. फक्त चांगल्या वस्तू त्याच्या हाताला लागू देऊ नकोस." भाकीत म्हणावं तर ते. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हे आले ते दारातच उभे राहिले.

"आज त्या डब्याला विचारलं. फ्रेम कशाची असते ते चष्मेवाल्याकडून काढलं, आणि मॅडमना म्हटलं, हे घाला."

"मग?"

"विरघळेल म्हणाला. लगेच. जरा विचार केल्यासारखं तरी दाखवायचं."

"कशासाठी विचारताय ते कळलं का त्यांना?"

"मीच सांगितलं, सगळ्यांसमोर. सासूबाईंचा चष्मा विरघळवला म्हणून."

"हसले असतील."

"पोट धरून. मॅडम तेवढ्या हसल्या नाहीत. घरी काय सांगितलंत, म्हणाल्या. तेव्हा लक्षात आलं, मी तुला काहीच म्हटलेलं नाही." हे चपलांकडे बघत राहिले. "चुकलं माझं."

ह्या माणसाच्या तोंडून हे दोन शब्द निघतील, असं भाकीत मी कधीच केलं नसतं. मग ह्यांनी खिशातून नवी फ्रेम काढली.

"घालून बघ. कशी दिसेल ते मी सांगणार नाही."

चांगली होती. बाहेर जाताना मी तीच घालते. घरात मात्र जुनीच. राग आला की अंगठ्याच्या ठशावरून बोट फिरवते. कधी राग जातो, कधी वाढतो.

ह्यांनी आता नवा छंद लावून घेतलाय. फरशीचा साबण आणला तरी आधी कपाटामागच्या फरशीवर लावून बघतात.

परवा मी शब्दकोडं सोडवत होते. आडवा शब्द अडला, म्हणून चष्मा काढला आणि नकळत डावी काडी दातांत धरली. समोर हे बसले होते. बघत राहिले. मग उठले, लेकीची ती बाटली उचलली आणि स्टुलावर चढून माळ्यावर, पार मागे नेऊन ठेवली.