ओसाड वाळू

माझ्या बाबांना सगळे खाडीमास्तर म्हणायचे. शाळेत भूगोल शिकवायचे म्हणून मास्तर, आणि शाळा सुटली की घरी सापडायचे नाहीत म्हणून खाडी. त्यांनी खाडीवर चार पुस्तकं लिहिली: पक्ष्यांवर एक, मासे आणि जाळ्यांवर एक, वारा-भरतीवर एक आणि होडीवाल्यांच्या गोष्टींचं एक. चारही पुस्तकांतले नकाशे माझ्या हातचे. बाबांच्या हातात पेन दिलं तर किनाऱ्याची रेघ आणि मुंग्यांची रांग यांत फरक कळायचा नाही, म्हणून ते काम आपोआप माझ्या गळ्यात पडलं.

खाडीच्या तोंडाशी दोन दांडे, म्हणजे पाण्यात शिरलेल्या जमिनीच्या लांबट पट्ट्या. उत्तरेचा खडकाळ, आणि भोवती पाण्याला एवढी ओढ की तिथे होडी लावायची कुणाची छाती नाही. दक्षिणेचा सपाट, वाळूचा. दर उन्हाळ्यात या दक्षिणेच्या दांड्यावर सुरय पक्षी यायचे. पांढरे, डोक्यावर काळी टोपी, आणि भांडकुदळ इतके की शेजाऱ्याच्या घरट्यापासून वीतभर अंतर ठेवूनही दिवसभर तंटा. उघड्या वाळूतच अंडी घालायचे. पक्ष्यांच्या पुस्तकाच्या पहिल्या आवृत्तीत मी तिथे एकेचाळीस ठिपके दिले. एक ठिपका म्हणजे शंभर घरटी. माझा हात तेव्हा पक्का होता आणि मला त्याचा माजही होता.

पुढच्या उन्हाळ्यात बाहेरगावचे लोक आले ते पुस्तक हातात घेऊनच. पाट्या भरभरून अंडी नेली. एकाने तर किनाऱ्यावर बाबांनाच गाठलं, नकाशाचं पान उघडलं, ठिपक्यांवर बोट ठेवलं आणि इथे जायचं कुठून म्हणून विचारलं. बाबा घरी आले आणि ताटावर नुसते बसून राहिले. मला म्हणाले, "आपणच वाट दाखवली गं."

मग वर्षभर त्यांनी एकच उद्योग केला. पहिल्या आवृत्तीच्या प्रती परत मिळवायच्या. वाचनालयं, शाळा, ओळखीपाळखीची घरं, काही सोडलं नाही. जिथे पुस्तक द्यायला नकार मिळाला तिथे गोड बोलून निदान नकाशाचं पान मागून आणलं. एका वाचनालयात गोड बोलणं चाललं नाही, तिथे त्यांनी ते पान चक्क फाडून खिशात घातलं. आयुष्यभर पुस्तकाच्या पानाचा कोपरा दुमडला तरी ओरडणारा माणूस! सगळं मागच्या अंगणात जाळलं.

दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी ते माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले.

"ठिपके उत्तरेच्या दांड्यावर टाक."

"बाबा, अहो, काढूनच टाकते ना. खोटं कशाला?"

"रिकामं सोडलं की लोक शोधत बसतात. चुकीचं दाखवलं की शोधायचं थांबतात."

मी वाद घातला नाही. खरं सांगायचं तर मला ती युक्ती फार आवडली होती. एकेचाळीस ठिपके मी उत्तरेला हलवले आणि दक्षिणेच्या दांड्यावर माझ्या सगळ्यात सुबक अक्षरात लिहिलं: 'ओसाड वाळू. पक्ष्यांची वस्ती नाही.' तेव्हापासून आमच्या घरचा नियम ठरला. तिथले फोटो काढायचे नाहीत, कुणाला न्यायचं नाही, कुणाकडे बोलायचं नाही. आम्हाला नेणारा एकच म्हातारा होडीवाला होता, तो वारल्यावर आम्ही किनाऱ्यावरून दुर्बिणीने बघायचो. आधी येऊन गेलेल्यांनीही नवा नकाशा बघून पक्षी उत्तरेला हलले असंच धरलं. बावीस वर्षं एक अंडं चोरीला गेलं नाही.

गेल्या हिवाळ्यात नगरपालिकेच्या फलकावर नोटीस लागली. बंदराचा नवा धक्का होणार होता आणि त्यासाठी दक्षिणेच्या दांड्यावर भराव पडणार होता. हरकत असेल त्यांनी सुनावणीला यावं, काम महिन्याभरात सुरू. पाहणी करून झाली होती, हिवाळ्यात, जेव्हा तिथे एक पीससुद्धा नसतं. बाबांनी नोटीस दोनदा वाचली, चष्मा पुसून पुन्हा एकदा वाचली आणि म्हणाले, "सांगू आपण. खरं काय ते सांगून टाकू."

सुनावणी पालिकेच्या वरच्या मजल्यावर होती. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, गुरगुरणारा माईक, टेबलामागे अधिकारी बाई आणि त्यांच्या शेजारी प्रकल्पाचा इंजिनीअर. पस्तिशीचा, सडपातळ माणूस. बाबांना बघून तो ताडकन उठून उभा राहिला, तेव्हा मला जरा आशा वाटली. कसली मेली आशा!

बाबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. माईक त्यांनी बाजूला सारला आणि वर्गात बोलावं तसे बोलले. नकाशा खोटा आहे, तो मी मुद्दाम खोटा करायला लावला, सुरय दक्षिणेला येतात, चार हजार जोड्या, उन्हाळ्यापर्यंत थांबा आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघा.

बाईंनी शांतपणे विचारलं, "पहिल्या आवृत्तीत बरोबर जागा होती म्हणता. एखादी प्रत?"

"नाही. जाळल्या."

"सगळ्या?"

"सगळ्या. काम चोख केलं होतं," बाबा म्हणाले, आणि मला त्यांच्याकडे बघवेना.

"फोटो? कुणी साक्षीदार?"

"मी आहे ना," मी उठून म्हणाले. "नकाशा मीच काढलाय."

"म्हणजे तुम्ही मुलगी," बाई म्हणाल्या. वाईट नव्हत्या त्या. नुसतं लिहून घेत होत्या.

तेव्हा इंजिनीअरने पिशवीतून पुस्तक काढलं. आमचं पक्ष्यांचं पुस्तक, दुसरी आवृत्ती. खाकी कागदाचं कव्हर, त्यावर शाळकरी अक्षरात इयत्ता आणि तुकडी.

"सर, हे मला सातवीत बक्षीस मिळालं होतं," तो म्हणाला. "हे वाचूनच मी समुद्राकडे वळलो. मूळ आराखड्यात धक्का उत्तरेला होता. खडकाचा आयता पाया मिळत होता. मी वरिष्ठांशी वर्षभर भांडलो, नोकरी पणाला लावली, आणि तो दक्षिणेला आणला. तुमच्या सुरयांसाठी, सर. इथे लिहिलंय ना, वस्ती नाही म्हणून."

त्याने पान उघडून धरलं होतं. माझं अक्षर खरंच सुबक होतं. मला तिथल्या तिथे मरून जावंसं वाटलं.

बाबा खाली बसले. मग इंजिनीअरनेच हळू आवाजात विचारलं, "सर, मग बाकीचं? वाऱ्याचं, माशांचं, ते सगळं?"

"बाकी सगळं खरं आहे."

"ते मी कशावरून मानू?"

चाळीस वर्षं भरतीच्या चिखलात उभं राहून लिहिलेली चार पुस्तकं होती ती. बाईंनी निर्णय लिहिला: लेखकाने स्वतःचंच लेखन अविश्वसनीय असल्याचं सांगितलं आहे, सबब छापील पुस्तक किंवा तोंडी म्हणणं, दोन्ही ग्राह्य धरता येत नाही, पाहणीचा अहवाल कायम. खाली येताना जिन्यात बाबांनी माझा हात धरला. एरवी कुणी हात पुढे केला की झिडकारणारा माणूस.

भराव हिवाळा संपायच्या आत पडला. उन्हाळ्यात सुरय आले. आम्ही किनाऱ्याच्या बांधावर उभे होतो. ते ट्रकांवरून, रोलरवरून घिरट्या घालत राहिले, पाच दिवस. काहींनी ओल्या काँक्रीटच्या कडेला अंडी घातली, ती चाकाखाली गेली. पलीकडे एक माणूस हेल्मेट काढून एकटाच उभा होता. इंजिनीअर होता तो. आमच्याकडे आला नाही, आम्हीही गेलो नाही. सहाव्या दिवशी आकाश मोकळं होतं. उत्तरेला एकही पक्षी उतरला नाही. तिथे ते कधी उतरतच नव्हते.

त्यानंतर बाबा खाडीवर गेले नाहीत. मी चल म्हटलं तर म्हणत, "काय बघायचंय?" आणि भिंतीकडे तोंड करून पडत.

गेल्या आठवड्यात प्रकाशकाचा फोन आला. धक्क्याच्या भांडणामुळे पुस्तकाला मागणी आली होती, तिसरी आवृत्ती काढायची होती. काही दुरुस्ती असेल तर चार दिवसांत कळवा म्हणाला. मी नकाशाचा मूळ कागद काढला आणि बाबांच्या पलंगाशी नेला. त्यांनी तो बराच वेळ हातात धरला.

"उत्तरेचे ठिपके काढ," ते म्हणाले. "आता तरी खरं छापू."

मी ब्लेडने एकेक ठिपका खरवडला. एकेचाळीस. मग दक्षिणेच्या दांड्याकडे वळले आणि ब्लेड खाली ठेवलं. तिथे दुरुस्त करायला काहीच नव्हतं. बावीस वर्षांपूर्वी जे लिहिलं होतं, ते आता अक्षरन् अक्षर खरं होतं.