आतून लावायचा प्राइमर

मी एक जुनी मधाची बरणी आहे. माणसाचं यकृत विषापासून वाचवण्यासाठी माझा जन्म झाला. खरं तर जॅमसाठी झाला होता. पण माझ्या तळाशी काचेत एक बुडबुडा राहिला, जॅमवाल्यांनी नाक मुरडलं आणि मधवाल्याने मला पदरात घेतलं.

मित्रांनो, मोटारी रंगवणाऱ्या एका गॅरेजात माझं आयुष्य गेलं. तिथला पेंटर बंद खोलीत फवाऱ्याने रंग मारायचा. खोलीतली हवा बाहेर फेकणारा पंखा बंद पडला होता. थिनरचा वास इतका कोंडायचा, की भिंतीवरची पाल बिऱ्हाड हलवून गेली. पेंटरला घरी बिऱ्हाड होतं, म्हणून तो गेला नाही.

त्याचं जेवण कमी झालं तेव्हा त्याच्या बायकोने मालकाला गाठलं. "भाऊ, तेवढा पंखा बघा ना."

"बघू वहिनी, पुढच्या महिन्यात."

पुढचा महिना पुढेच राहिला. मग तिने पेपरात वाचलं, की मधात अँटिऑक्सिडंट असतात; विषाने पेशींची जी नासधूस होते, तिला ते अटकाव करतात. प्रयोगात विष दिलेल्या उंदरांची यकृतं मधामुळे बरीच सावरली होती. दुसऱ्याच दिवशी तिने मला फडक्यात गुंडाळून आणलं आणि फळीवर ठेवलं.

"खोलीत जाण्याआधी एक चमचा. विसरायचं नाही."

पेंटरला ते लगेच पटलं. "म्हणजे आतून लावायचा प्राइमर. रंगाआधी मारला की गंज धरत नाही."

"तू गंजावर प्राइमर मारतोस का रे?" गॅरेजातल्या वेल्डरने विचारलं.

"छे. आधी घासून काढतो."

"मग?"

पेंटरने चमचा चाटला आणि आत गेला. दुसऱ्याच्या पत्र्याबाबत तो फार काटेकोर होता.

ते माझे मानाचे दिवस. गिऱ्हाईक आलं की मालक मला उचलून दाखवायचा. "आमच्याकडे कामगारांच्या तब्येतीची काळजी घेतात." पंख्याचा विषय निघाला, की माझ्याकडे बोट दाखवायचा. "वहिनी, तुम्हीच तर सोय केलीत." मी रिकामी झाले की ती बिचारी मला पुन्हा भरून आणायची. तिच्या मायेने पंख्याची जागा घेतली होती, आणि तिला ते कळत नव्हतं. मला कळत होतं, पण बरणीला कोण विचारतो? उंदरांचं एक बरं असतं. प्रयोग संपला की त्यांचं विष थांबतं.

पेंटरचे डोळे पिवळे झाले. तो दवाखान्यात गेला. तिथून तो घरी आला नाही.

काही दिवसांनी त्याची बायको त्याचा शर्ट आणि डबा न्यायला आली. मी अर्धी भरलेली होते. तिने मला हातात घेऊन उजेडाकडे धरलं.

"रोज घेत होते ना?"

"रोज, वहिनी," वेल्डर म्हणाला. "एक दिवस चुकवला नाही."

मग तिने माझं झाकण घट्ट लावलं, पदराने मला पुसलं आणि परत फळीवर ठेवलं. तिला वाटलं असावं, चमचा थोडा मोठा हवा होता.

नवा पेंटर आला. त्याने खोलीत डोकावून वास घेतला. "पंखा चालत नसेल तर मी आत जाणार नाही."

मालकाने मला पुढे केलं. "मध आहे की."

"मध मी घरी खातो."

मित्रांनो, तुम्हीही मध जरूर खा. तो गुणी आहे. मी त्याला पोटात वागवलं आहे, त्याच्याबद्दल वाईट बोलणार नाही. पण आपल्या माणसाच्या हातात चमचा देण्याआधी त्याला त्या खोलीतून बाहेर काढा. आता माझ्यात स्क्रू असतात. ते खडखडले की मला पेंटरच्या बायकोचा प्रश्न आठवतो.

नवा पेंटर अडून बसला, त्याच दिवशी मालकाने पंख्यासाठी वायरमन बोलावला. फक्त कंडेन्सर गेला होता. वायरमनसाठी मागवलेला चहा निवायच्या आत पंखा सुरू झाला.