साराबाईंची तपासणी

महायुद्धाच्या दिवसांत नगरच्या तोफखाना भागात विडी कारखान्यातल्या बायका आपली पोरं साराबाईंच्या घरी सोडून कामाला जात. साराबाई पोरांना दुपारी गूळ घातलेली नाचणीची आंबील देत आणि पोरं वाट्या चाटूनपुसून ठेवत. मग एक दिवस कुठून तरी चहा कंपनीची जाहिरातीची मोटार आली. भोंगा वाजवत चौकात उभी राहिली, फुकट गोड चहा वाटला आणि निघून गेली. मेली गेली ती गेली, पण पोरांच्या जिभा बिघडवून गेली.

दुसऱ्या दिवशी सगळ्या वाट्या भरलेल्या तशाच. विड्या वळणाऱ्या सकीनाची जहिरा ही या टोळीची पुढारी. बोटभर पोर, पण जीभ हातभर.

"आमाला चहा पायजे."

"ल्हान पोरांनी चहा पिऊ न्हाई. भूक मरती."

"मग आमी गोजरबाईकडं जातो. ती देती."

हे खरंच होतं. पलीकडच्या गल्लीतली गोजरबाईही पोरं सांभाळायची. चहाच्या काळ्या पाण्याचा घोट दिला की तिची पोरं दिवसभर गप्प. पार वाळलेली, पण गप्प! आपली पोरंही तिथं जाऊन वाळणार, हे साराबाईंना दिसत होतं.

"तू चहा सोड," जहिराने तोडगा काढला, "मग आमी आंबील पितो."

चहाशिवाय साराबाईंचा डोळा उघडत नसे. तरी त्या 'बरं' म्हणाल्या. तेव्हापासून रोज सकाळी दारातच तपासणी. साराबाईंनी वाकून आ करायचा आणि पोरांनी रांगेने वास घ्यायचा. वास आला नाही, तरच दुपारी आंबील. कलेक्टर कचेरीतसुद्धा कुणाची एवढी चौकशी होत नसेल.

डोकं ठणकून बाई हैराण झाल्या. शेवटी एका सकाळी त्यांनी गुपचूप चहा केला, घेतला आणि वर कच्चा कांदा चावला.

जहिराने नाक मुरडलं. "सकाळी सकाळी कांदा?"

"पिरकुर्तीला बरा असतो."

बाकीची पोरं आत गेल्यावर जहिरा हळूच म्हणाली, "मावशी, कांद्याआडनं चहाचा वास येतोय. उद्या मी लवकर येते. मला बी बशी ठेव. मग कुनाला सांगत न्हाई."

दुसऱ्या सकाळी साराबाईंनी मुकाट बशी पुढे केली. जहिराने ऐटीत फुर्र करून घोट घेतला आणि एरंडेल प्यायल्यासारखं तोंड केलं.

"ह्याच्यात गोड कुठं हाय?"

"लढाईपायी साखर मिळती कुठं? गूळ हुता, तो तुमच्या आंबिलीत."

जहिराने बशी खाली ठेवली आणि गुळाच्या डब्यात डोकावून बघितलं; तळाशी दुपारच्या आंबिलीपुरताच खडा होता. पोरं जमल्यावर दारात उभं राहून तिने हुकूम सोडला, "आजपासनं मावशीचं तोंड हुंगायचं न्हाई. पिऊ द्या तिला चहा."

"का गं?" रांगेतल्या यशयाने विचारलं.

"लई वंगाळ हाय तो. तिलाच पिऊ द्या."

दुपारी जहिरा अर्धी आंबील प्यायली आणि तिने वाटी साराबाईंपुढे सरकवली. बाईंनी वाटी परत तिच्याकडे ढकलली. "तुझी तू पी गं," त्या म्हणाल्या.

जहिराने कमरेवर हात ठेवले. "मुकाट पी, मावशी. न्हाई तर मी चालले गोजरबाईकडं."