लिंडेनाउ सोडून

इंगेलोर होती तोवर लाइपझिगला गेल्यावर कुठे उतरायचं, हा प्रश्न गेरोल्ड उलिगला कधी पडलाच नव्हता. ती ठरवायची, तो बॅगा उचलायचा. चाळीस वर्षं डोंगरातल्या वळणांवर बस चालवलेला माणूस, पण घरातलं स्टिअरिंग कायम बायकोच्या हातात. दर ऑक्टोबरात त्यांच्या एकुलत्या एका मुलीच्या, डोरीनच्या वाढदिवसाला दोघं ओल्बर्नहाउहून निघायची आणि गोलिस भागात क्रेचमारबाईंच्या गेस्टहाउसमध्ये तीन दिवस मुक्काम करायची. डोरीन राहायची शहराच्या दुसऱ्या अंगाला, लिंडेनाउमध्ये. मध्ये ट्राम बदलून तीच त्यांना भेटायला गोलिसला यायची.

"पोरांच्या डोक्यावर जाऊन बसू नये. तिला तिची शांतता हवी असते," इंगेलोर म्हणायची, आणि गेरोल्डला ते पटायचं. आमच्या डोंगराकडच्या माणसांना एक वेळ पावसात उभं राहणं चालतं, पण आपली कुणाला अडचण झाली हे चालत नाही.

इंगेलोर जाऊन आता दीड वर्षाच्या वर झालं होतं. सकाळी कॉफी गाळता गाळता ती स्वयंपाकघरात खुर्चीवर बसली, ती उठलीच नाही. हृदय बरीच वर्षं थकलेलं असणार, असं डॉक्टर म्हणाले तेव्हा गेरोल्ड त्यांच्यावर भडकला होता. शेहेचाळीस वर्षं एका छपराखाली काढली, मला कळलं नसतं? असं त्याने त्यांना सुनावलं. पुढे तो प्रश्न त्याच्याच घशात अडकून बसला आणि तिथून काही हलेना.

मागच्या ऑक्टोबरात तो लाइपझिगला गेला नव्हता. या वर्षी डोरीनने रविवारच्या फोनवर विचारलं, येतोस ना, आणि त्याने हो म्हटलं. पुढच्या रविवारी, दहाच्या ठोक्याला, नेहमीप्रमाणे तिचा फोन आला. या खेपेला तिच्याकडे यादी तयार होती. ती चष्म्याच्या दुकानात काम करते. माणसापुढे चार फ्रेम ठेवायच्या आणि प्रत्येकीचं बरंवाईट सांगायचं, हा तिचा रोजचा धंदा. तशीच तिने वडिलांपुढे वस्त्या मांडल्या.

गोलिस तर आहेच, म्हणाली, क्रेचमारबाई अजून चालवतात. स्टेशनजवळ उतरलास तर बॅग ओढावी लागणार नाही, पण तिथे सगळी हॉटेलं एकसारखी, सकाळी उठल्यावर आपण कुठल्या गावात आहोत तेच आठवत नाही. श्लॉयसिग छान हिरवंगार आहे, मात्र फुटपाथवर बाबागाड्यांची इतकी गर्दी की तुला हॉर्न वाजवावासा वाटेल. कॉनेवित्झ नको, तिथली मुलं तुझी टोपी बघून हसतील. ग्र्युनाउमध्ये तिच्या दुकानातल्या एकीच्या सोसायटीची पाहुण्यांसाठी राखलेली खोली आहे, लिफ्टसकट, खिडकीतून तळं दिसतं.

गेरोल्डने वर्तमानपत्राच्या कडेला एकेक नाव लिहून घेतलं. लिहून झाल्यावर चष्मा वर सरकवून पुन्हा वाचलं. पाच नावं होती. लिंडेनाउ नव्हतं.

विचारावंसं वाटलं. पण विचारणं म्हणजे मागणं, आणि मागितल्यावर समोरच्याला नाही म्हणायची पाळी येते. "बघतो," एवढंच तो म्हणाला आणि हवापाण्याच्या गोष्टी करून त्याने फोन ठेवला.

त्यानंतर तीन दिवस त्याचं डोकं ठिकाणावर नव्हतं. स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्याने ट्रामचा नकाशा पसरला आणि पेन्सिलीने प्रत्येक वस्तीपासून लिंडेनाउपर्यंतचे थांबे मोजले. ड्रायव्हर माणूस, मन मोकळं करायची त्याची हीच रीत. तिला वाटलं तर चटकन येता यावं आणि नाही वाटलं तर न येण्याला कारण मिळावं, अशा अंतरावर राहायचं त्याच्या मनात होतं. असं अंतर कुठल्याच नकाशावर सापडेना. आणि मोजता मोजता एकच विचार फिरून फिरून यायचा. लेकीने पाच वस्त्या सांगितल्या, आणि स्वतःची तेवढी वगळली. त्याला राग नव्हता आला. वाईट वाटलं होतं, लहान मुलाला वाटतं तसं, आणि चौऱ्याहत्तराव्या वर्षी असं वाटावं याची लाजही वाटली होती.

तिच्या घरी तो एकदाच गेला होता, अकरा वर्षांपूर्वी. लग्न मोडल्यावर डोरीनने ती जागा घेतली होती. जुनी इमारत, लाकडी जिना, चौथा मजला, लिफ्टचं नाव नको. गेरोल्ड खोकं खांद्यावर घेऊन तडक वर पोचला आणि इंगेलोर मात्र खालीच रेंगाळली. प्रत्येक मजल्यावर थांबून ती दारांवरच्या पाट्या वाचत होती, मोठ्याने. श्टार्के. नोवाक. हेरफुर्ट. दुसऱ्यांच्या घरात डोकवायची तिची ही खोड गेरोल्डला ठाऊक होती. त्या सुमारास तर कुठल्याही जिन्यात ती पाट्या वाचत उभी राहायची. चौथ्या मजल्याच्या कठड्यावरून वाकून तो ओरडला होता, "अगं, पोस्टात नोकरी धरलीस की काय?" सगळे हसले होते. खालून तीही हसली होती.

आणि वर आल्यावर त्याने दुसरं एक वाक्य टाकलं होतं, की एवढ्या उंचावर माणसं राहतात की कबुतरं. तेही त्याला आता आठवलं. पोरीने ते मनाला लावून घेतलं असेल का, या विचाराने तो नकाशासमोर बराच वेळ बसून राहिला.

बुधवारी त्याने हार मानली आणि गोलिसला क्रेचमारबाईंना फोन लावला. बाईंनी आधी इंगेलोरबद्दल दुःख व्यक्त केलं. पत्रातून केलं होतंच, पण आवाजात ते वेगळं वाटलं. मग त्यांनी वही उघडली.

"तळमजल्यावरचीच खोली देते, नेहमीची."

गेरोल्ड म्हणाला की आता एकटाच आहे, वरची लहानशी चालेल, खालची कुणा म्हाताऱ्या जोडप्याला द्या.

"बरं. ती खोली मी तुमच्या मिसेससाठीच राखायचे," बाई म्हणाल्या. "आणि ती दारातली खुर्चीही अजून तशीच ठेवलीय. उचलवत नाही मला."

"कुठली खुर्ची?"

क्रेचमारबाई सावकाश बोलू लागल्या. "उलिगसाहेब, मला वाटलं तुम्हाला आता माहीत असेल. ट्राममधून उतरून दारापर्यंत आल्या की त्या तिथे बसायच्या. तुम्ही बॅगा आत न्यायचात तेवढ्या वेळात. पहिल्याच वर्षी मला म्हणाल्या, पायऱ्या नकोत आणि ट्राम दाराशी थांबायला हवी, अख्ख्या शहरात असं कुठे मिळतंय ते शोधत शोधत आलेय तुमच्याकडे."

बाईंनी पुढे सांगितलं. त्यांनी तेव्हा इंगेलोरला सुचवलं होतं, घरच्यांना सांगा म्हणून. तर ती म्हणाली, नवऱ्याला कळलं तर मला अंगणापलीकडे नेणार नाही, आणि मुलीला कळलं तर ती दुसऱ्या दिवशी जागा सोडेल. "पोरीला पहिल्यांदा स्वतःचं असं काही मिळालंय, म्हणाल्या, त्यात माझी धाप आडवी यायला नको."

बाहेर शेजाऱ्याचं लाकूड कापायचं यंत्र चालू होतं. गेरोल्ड ते ऐकत उभा राहिला. श्टार्के. नोवाक. हेरफुर्ट. म्हणजे प्रत्येक पाटीपाशी ती दम खात होती, आणि दम लागलाय हे कळू नये म्हणून नावं मोठ्याने वाचत होती. आणि वर कठड्याला टेकून हा शहाणा तिची चेष्टा करत होता.

"मग खोली लिहून ठेवू ना?" क्रेचमारबाईंनी हळूच विचारलं.

"नको," गेरोल्ड म्हणाला. "पण तुमचे फार आभार. खुर्चीसाठी."

संध्याकाळी सातला त्याने डोरीनला फोन केला. बुधवारी त्याचा फोन कधीच जात नसे, त्यामुळे तिचा पहिला प्रश्न, काय झालं, असाच आला. काही झालं नाही म्हणाला, आणि मग सगळं सांगितलं, खुर्ची, ट्राम, पाट्या, काही न वगळता. शेवटी पलीकडून नाक पुसल्याचा आवाज आला.

"मला आई म्हणायची, बाबाला दुसऱ्याच्या घरी झोप लागत नाही," ती म्हणाली. "त्याला तुझी जागा आवडत नाही, त्याला आग्रह करू नकोस. मला वाटलं, ते कबुतरांचं बोललास ना, ते मनापासून होतं."

"ते मी खोकं उचलून दमलो होतो म्हणून बोललो. मला ती सांगायची, डोरीनला शांतता हवी असते."

"शांतता? बाबा, मी एकटी राहते. शांतता किती हवी असेल मला?"

यावर दोघंही हसली, पण ते हसणं फार टिकलं नाही. इंगेलोरचा राग यावा की तिच्या मायेने गळा दाटावा, हे दोघांनाही कळत नव्हतं. अकरा वर्षं तिने एकेक थाप दोन्हीकडे मारून दोघांना एकमेकांपासून पाऊण तासावर ठेवलं होतं, आणि सगळं दोघांच्या भल्यासाठी. गेरोल्डला दोन्ही आलं, रागही आणि उमाळाही.

मग त्याने तो प्रश्न विचारलाच. चौऱ्याहत्तर वर्षांत ज्याची सवय नव्हती ते केलं.

"त्या यादीत तू लिंडेनाउ का नाही घातलंस?"

"लिंडेनाउमध्ये काय आहे? माझं घर आहे फक्त. ते घातलं असतं तर तुला नाही म्हणावं लागलं असतं. तुला तसं म्हणायला लागू नये म्हणून नाही घातलं."

गेरोल्डने डोळे मिटले. ही तर अगदी त्याचीच लेक होती.

"आता घाल," तो म्हणाला.

"चार मजले आहेत, बाबा. तुझे गुडघे?"

"मला कुठे वेळेवर बस सोडायचीय. येईन सावकाश."

ऑक्टोबरच्या त्या शुक्रवारी दुपारी साडेतीनला, म्हणजे कॉफी आणि केकच्या वेळेला अर्धा तास असताना, तो तिच्या इमारतीच्या दाराशी उभा होता. एका हातात बॅग, दुसऱ्यात ओल्बर्नहाउच्या बेकरीतला खसखशीचा केक, पुठ्ठ्याच्या डब्यात दोरीने बांधलेला. भिंतीवर घंटांची बटणं होती, प्रत्येकासमोर आडनाव. त्याने विगांड शोधलं. डोरीनने नवरा सोडला होता, त्याचं आडनाव तेवढं ठेवलं होतं. बटण दाबलं. दाराचं विजेचं कुलूप गुणगुणलं आणि दार उघडलं.

आत मेणाचा आणि कुणाच्या तरी कांद्याचा वास होता. पहिल्या मजल्यावर तो पोचला तेव्हा ठीक होता. तरी थांबला. बॅग खाली ठेवली, आणि दारावरची पाटी वाचली, मोठ्याने.

"श्टार्के."

श्टार्के अजून होते तर. दुसऱ्या मजल्यावर नोवाक गेले होते. तिथे आता एका दारावर दाओ लिहिलं होतं आणि समोरच्यावर खतीब. तीही त्याने वाचली. इथवर येताना मात्र गुडघे खरंच बोलू लागले होते आणि छाती भात्यासारखी चालली होती. ती इथे उभी होती, गेरोल्डला वाटलं, नेमकी या पायरीवर, हात या कठड्यावर ठेवून, चेहरा हसरा करून. आणि एकटी होती. हे त्याला सहन होईना. तो कठडा धरून तसाच उभा राहिला.

वरून पावलं वाजली. डोरीन वरून ओरडली नाही. ती घरातल्या सपाता घालून चौथ्या मजल्यावरून तिसऱ्यावर, तिसऱ्यावरून दुसऱ्यावर उतरून आली, आणि त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली. बॅगेला तिने हात लावला नाही, की चल म्हणाली नाही.

"त्या दिवशी मी वरून ओरडलो," गेरोल्ड म्हणाला. "खाली यायला हवं होतं."

"मीही वरच होते, बाबा. मीही हसले होते."

तिने त्याच्या बाहीत हात घातला. थोडा दम बसल्यावर दोघं निघाली, त्याच्या चालीने. तिसऱ्या मजल्यावर पुन्हा थांबली. "हेरफुर्ट," दोघांनी एकदमच वाचलं, आणि आतून कुणीतरी, कोण आहे, असं विचारलं. डोरीनने सांगितलं, कुणी नाही हो, माझे वडील आलेत.

चौथ्या मजल्यावर दार उघडंच होतं. कॉफीचा वास जिन्यापर्यंत आला होता. गेरोल्ड आत जाणार तोच डोरीनने त्याला कोपराने अडवलं.

"ही राहिली की वाचायची."

पितळी पाटी होती, विगांड कोरलेली. तिच्या खाली पांढऱ्या चिकटपट्टीचा एक तुकडा लावला होता आणि त्यावर, चष्म्याच्या पाकिटांवर लिहिते तशा नीटस अक्षरांत, उलिग.

गेरोल्डने ते वाचायला तोंड उघडलं, पण आवाज फुटला नाही. मग डोरीननेच त्याच्यासाठी वाचलं, मोठ्याने, जिन्यात खालपर्यंत ऐकू जाईल असं.