सूड आणि शेवाळी डॅशबोर्ड

सूड घ्यावा तर असा, की सात पिढ्यांनी नाव काढावं! रोहिदासने ही प्रतिज्ञा कुंभिवलीच्या मोटारींच्या कारखान्यात केली, आणि लगेच हाक आली म्हणून ‘आलो, आलो’ करत तो बोल्ट आवळायला गेला.

कारखान्याची जाहिरात होती : आज मागा, सातव्या दिवशी गाडी न्या. पण डिझायनर सौमित्रसाहेबांनी डॅशबोर्ड गाडीच्याच रंगाचा ठरवला होता. म्हणजे आधी गाडी रंगणार, रंग वाळणार, मग त्याला जुळता डॅशबोर्ड ओतणार. तो बसेस्तोवर काच नाही, सीट नाही.

“साहेब, समद्यांना काळाच ठेवा की,” रोहिदास भर मीटिंगमध्ये म्हणाला होता. “आधीच बनवून ठिवता येतील.”

“रोहिदास, तुम्ही बोल्ट आवळा. सौंदर्य आमच्यावर सोडा.”

सगळे खो खो हसले. वर गाडीला उशीर झाला की फळ्यावर नोटीस : जोडणी विभाग सुस्त.

खरं तर ज्या गाड्या वेळेवर जात, त्या रोहिदासमुळेच. खपणाऱ्या रंगांचे डॅशबोर्ड तो गुपचूप आधीच ओतून घेई आणि ताडपत्रीखाली दडवी.

अशात सौमित्रने स्वतःसाठी गाडी मागवली. रंग शेवाळी, मुहूर्त दसऱ्याचा.

ताडपत्रीखाली शेवाळी डॅशबोर्ड होता. रोहिदासने ताडपत्रीची गाठ आणखी घट्ट केली, साहेबांचं ड्रॉइंग भिंतीला चिकटवलं आणि ते पोथीसारखं पाळलं. पहिला डॅशबोर्ड पोपटी निघाला, दुसरा मेंदीसारखा. “ड्रॉइंगात शेवाळी हाय,” म्हणत त्याने दोन्ही परत धाडले.

दसऱ्याला सौमित्र आईला, अनसूयाबाईंना, घेऊन आला. रिक्षा सोडून दिली. परत नव्या गाडीतूनच जायचं होतं. गाडी चकचकीत उभी होती. आत सीट नव्हती, आणि स्टिअरिंगच्या जागी भगदाड.

“हे काय, रोहिदास?”

“बोल्ट आवळलेत, साहेब. सौंदर्याची वाट बघतोय.”

या वेळी अख्खा जोडणी विभाग हसला. सौमित्रने पेन काढलं, ड्रॉइंगवर ‘डॅशबोर्ड काळा’ लिहून सही ठोकली. रोहिदासची छाती फुगली. सात पिढ्या कुठूनतरी बघत असणार.

अनसूयाबाई मात्र झेंडूचा हार घेऊन चालू स्थितीतलं वाहन शोधत होत्या. सापडली ती रोहिदासची स्कूटर. तिला हार घातला, कुंकू लावलं, नारळ फोडला, आणि त्या मागे बसल्या.

“मला भिसेगावला सोड रे बाळा. आणि खड्डा आला की आधी सांग, हं.”