पासिंगपुरता डबा

मित्रांनो, तुम्ही मला पाहिलं नसेल, कारण मी गाडीच्या पोटाखाली राहतो. मी एक जुना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आहे. एवढं नाव घेता घेता जीभ अडखळते, म्हणून नांदुऱ्याचे भागवत मिस्त्री मला नुसतं 'डबा' म्हणतात. म्हणू देत. बाहेरून डबाच आहे मी. आत मात्र मधाच्या पोळ्यासारखी बारीक जाळी आहे. इंजिनातला विषारी धूर तिच्यातून गेला, की त्याचं विष बरंचसं मरतं. हे काम करताना मी तव्यासारखा तापतो. शाबासकी कोणी देत नाही, पण ती मागायला मी खालून वर येणार तरी कसा?

माझी व्हॅन मयुरीताईने जुनी घेतली, शाळेची मुलं ने-आण करायला. मुलांना सांभाळायला तिची आई बनाबाई मागच्या सीटवर बसू लागली. व्हॅन पिवळी करायची होती, तेव्हा मायलेकींनी अंगणातच ब्रश हाती घेतले. बनाबाई तर गंज चढू नये म्हणून थेट गाडीखाली शिरली!

"व माय, खाली कोन पाह्यते? निंघ बाहेर!" मयुरीताई ओरडली.

बाहेर निघताना बनाबाईने रंगाने माखलेला हात माझ्या पाठीवर टेकला. चार बोटं पूर्ण आणि करंगळी अर्धी. तिची करंगळी कडबा कापताना गेलेली आहे. पुढे उष्णतेने तो रंग भाजून तपकिरी झाला, पण पंजा राहिला. कोणाचा तरी हात पाठीवर आहे, या समजुतीत माझी दोन वर्षं सुखात गेली.

मग एकदा गाडी ओढेना. भागवत मिस्त्रींनी मला काढलं. "ताई, डबा चोंदला. साफ करून ठेवतो, मंग बसवू. तवर सरळ पाईप टाकतो." मयुरीताई हो म्हणाली. सरळ पाइपाने गाडी हलकी पळू लागली, लिटरमागे दोन किलोमीटर जास्त जाऊ लागली. मग डब्याची आठवण कोण काढतो? मिस्त्रींनी मला खरंच साफ केलं, जुन्या टॉवेलमध्ये गुंडाळलं आणि पत्र्याच्या पेटीत ठेवून कुलूप लावलं.

मित्रांनो, पेटीतला अंधार आणि गाडीखालचा अंधार सारखा नसतो. गाडीखाली रस्ता ऐकू येतो. पेटीत मला फक्त स्वतःचा गंज ऐकू यायचा.

कुलूप उघडायचं ते पासिंगच्या, म्हणजे आरटीओतल्या तपासणीच्या दिवशी. नांदुऱ्यातल्या कितीतरी व्हॅनमधून माझे भाईबंद निघून भंगारात गेले होते. त्या व्हॅनच्या तपासणीची तारीख आली, की मिस्त्री मला त्यांच्याखाली बसवत. गाडी मोताळ्यावरून राजूर घाट चढून बुलढाण्याला जाई. घाटाने मी मस्त तापलेला असे. सायलेन्सरमध्ये नळी घातली, की यंत्र म्हणे, धूर उत्तम. यंत्र खोटं बोलत नव्हतं. त्या वेळी मी खरंच तिथे होतो. गाडी परत आली, की मी पुन्हा पेटीत. माझ्या जिवावर दहा गाड्या वर्षभर पास होत्या आणि मी वर्षातून जेमतेम दहा दिवस जगत होतो. मयुरीताईच्या गाडीलाही मी दोनदा असाच पाहुणा म्हणून लागलो. मिस्त्री स्वतःच गाडी घेऊन जात, त्यामुळे तिला काही कळलं नाही.

या काढघालीत एक खोड शिरली. डबा दोन तासांनी काढायचाच, तर सांधा घट्ट बसवणारं नवीन पॅकिंग कशाला? मिस्त्री तेच फाटकं पॅकिंग पुन्हा पुन्हा लावत, सरळ पाइपालाही तेच. सांध्यातून धूर गळू लागला आणि गंजलेल्या पत्र्यातून मागच्या सीटपर्यंत चढू लागला. बनाबाईचं डोकं धरायचं. "उन्हाचं होय," म्हणायची. दुसरीतली गार्गी रोज डुलकी घ्यायची, कधी ओकायची. तिच्या आईने पोहे बंद केले, मग दूध बंद केलं. बिचाऱ्या पोह्यांचा काय दोष!

यंदा थंडीत काचा बंद होत्या. शाळा आली, सगळी मुलं उतरली, पण गार्गी हलवूनही उठेना. मयुरीताई तिला उचलून दवाखान्यात धावली. तासाभराने पोरीने डोळे उघडले. डॉक्टर म्हणाले, "आधी गाडी तपासा."

दुसऱ्या दिवशी पासिंग होतं. या वेळी मायलेकी गॅरेजमध्येच ठाण मांडून बसल्या. मिस्त्रींनी पेटी उघडली, टॉवेल सोडला.

"हे काय होय, भागवतभाऊ?"

"पासिंगचा डबा होय, ताई. दोन घंट्यायचं काम."

मयुरीताईने मला हातात घेतलं, उलटं केलं आणि ती थबकली. मग आईचा हात धरून तिने माझ्या पाठीवर ठेवला. चार बोटं पूर्ण, करंगळी अर्धी. मित्रांनो, किती वर्षांनी तो हात पुन्हा आला!

"हा तं माह्या गाडीचा हाय!"

"म्या कुठं नाई म्हन्लं? तुम्हीच इचारलं नाही. ॲव्हरेज वाढलं तवा बरं वाटलं."

ते खरंच होतं. मयुरीताई हळूच म्हणाली, "माही चूक झाली. आता बसवा, आन् काढू नका."

"काऊन? सोमवारी कुशलभाऊच्या गाडीचं पासिंग हाय. त्याले काय सांगू? धुरानं कोनी मरते काय?"

बनाबाई उठली. तिने व्हॅनचं मागचं दार उघडलं. "ये बाबू, बस. गार्गीच्या जागेवर. काचा नको उघडू."

"काकू, मजाक करता काय?"

"मजाक नाही. इथून वडनेरपर्यंत जाऊ. पोरगी रोज जाते."

सगळं गॅरेज बघत होतं, म्हणून मिस्त्री हसत हसत बसले आणि मयुरीताईने गाडी काढली. मी जमिनीवर पडून वाट पाहत राहिलो. पेटी शेजारीच उघडी होती. त्यांच्या मनात काय येईल, त्यावर माझं उरलेलं आयुष्य होतं.

व्हॅन परत आली. मिस्त्री उतरले ते भिंत धरून. तांब्याभर पाणी तोंडावर मारलं, दगडावर बसले. मग म्हणाले, "अर्ध्या रस्त्यातच काच उघडली, काकू."

"हाव. पोरीचा हात काचेपर्यंत पोचत नाही," बनाबाई म्हणाली.

मिस्त्रींनी फाटकं पॅकिंग नालीत फेकलं. नवीन पॅकिंग घातलं, मला बसवलं, आणि मयुरीताईने सांगितलं नव्हतं तरी नटांवर वेल्डिंग मारलं, आता कोणाचा पाना चालू नये म्हणून. पत्र्याची भोकंही बुजवली.

आता मी कायमचा अडकलोय. इथून सुटका नाही, आणि मला ती नकोही आहे. वर गार्गी जागी असते. वाटेतले बैल मोजते, चुकते, पुन्हा पहिल्यापासून मोजते.

पण कुशलभाऊंच्या गाडीचं काय झालं, मला ठाऊक नाही. कुठल्या तरी पेटीत दुसरा एखादा डबा आपल्या तारखेची वाट पाहत असेल. तेव्हा मित्रांनो, एवढं कराल? मागच्या सीटवर डोकं दुखलं, तर पोह्यांना दोष देऊ नका. गाडीवाल्या काकांना सांगा, "काका, आज जरा तुम्ही मागे बसा."